मोजणीआबांची बेचाळिसावी फाइल

आमच्या ऑफिसात रुजू झाले त्याच दिवशी मोजणीआबांनी खिशातून खडू काढला, खाली वाकले आणि स्वतःच्या टेबलाच्या चारही पायांभोवती गोल खुणा केल्या. मग कंबर धरून उठले आणि कोणी न विचारताच म्हणाले, "झाडणाऱ्या मावशी टेबल सरकवणार. सरकवू देत. पण किती सरकवलं ते आपल्याला कळलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल चार बोटं सरकलेलं होतं. आबांना कोण आनंद झाला! त्यांनी टेबल जागेवर आणलं आणि मावशींना बोलावून त्यांचं अभिनंदन केलं. मावशी आठवडाभर त्यांच्या टेबलाखाली झाडायला गेल्या नाहीत.

आबांची उभी नोकरी सरकारी मोजणीदार म्हणून गेलेली. इगतपुरीच्या भातखाचरांपासून पार मालेगावच्या माळापर्यंत ते शेतांच्या हद्दी मोजत हिंडले. निवृत्त झाल्यावर घरातल्या कपाटांची, डब्यांची आणि शेवटी बायकोच्या मसाल्यांची मोजणी सुरू झाली, तेव्हा मामींनी भाचीला फोन केला. ती भाची म्हणजे आमच्या मंजिरीताई. पंचवटीत भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर त्यांची छोटी कंपनी आहे. लोकांच्या वेबसाइटना आम्ही जागा भाड्यानं देतो. द्राक्षवाले, लॉजवाले, क्लासवाले, गुरुजी असे सगळे आमचे ग्राहक. ताईंनी मामांना फोन घ्यायच्या कामावर बसवलं. मी तेव्हा तिथली एकुलती एक प्रोग्रामर होते, आणि खरं सांगायचं तर मला हा सगळा प्रकार अजिबात आवडला नव्हता. ज्याला माऊस उजव्या हातात धरावा की डाव्या हे ठरवता येत नाही, तो माणूस ग्राहकांना काय सांगणार, असं मी ताईंना तोंडावर म्हटलंही होतं.

पण आबांना सांगायचं नसायचंच, विचारायचं असायचं. फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काल चालू होतं का?" हो म्हटलं की दुसरा: "मग काल ते आज कोणी हात लावला?" समोरचा छातीठोक सांगायचा की कोणीच नाही. आबा म्हणायचे, "आठवा. मी थांबतो." आणि खरोखरच फोन कानाला लावून थांबायचे, खिडकीतून खालच्या मेथीच्या जुड्या बघत. दोन-तीन मिनिटांत पलीकडून हळूच आवाज यायचा, की काल पुतण्या आला होता आणि त्यानं पासवर्ड बदलला. अर्ध्या तक्रारी अशाच मिटायच्या. माझ्या मनात आलं, हा माणूस दिसतो तेवढा बिनकामाचा नाही. तसं मी त्यांना लगेच बोलून दाखवलं नाही, माझा स्वभाव तसा नाही.

आता आमच्या दुखण्याबद्दल सांगायला हवं. ग्राहकांची बिलं करणं, मुदत संपत आली की आठवण पाठवणं, मुदत संपली की साइट बंद करणं, ही सगळी कामं एक विकतचं सॉफ्टवेअर करतं. ते आलं तसं आम्ही कधीच वापरलं नाही. आमच्याकडे जो जो प्रोग्रामर येऊन गेला त्यानं त्यातल्या फाइली उघडून आपापलं काहीतरी घातलं. कोणी बिल मराठीत आणलं, कोणी आठवणीच्या पत्रातली धमकीची भाषा काढून "कळावे" घातलं, कोणी द्राक्षवाल्यांसाठी मुदत हंगामाला जोडली. पण कुठल्या फाइलीत काय घातलं, ते कोणीही कुठेही लिहून ठेवलं नाही. आणि या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली की ती जुन्या फाइलींवर आपल्या नव्या फाइली सरळ टाकते.

हे मला माहीत होतं. तरी दोन वर्षांपूर्वी मी कुठलीही चौकशी न करता अपग्रेडचं बटण दाबलं होतं. पाच मिनिटांत सगळ्यांनी घातलेलं सगळं धुऊन निघालं. रामकुंडाजवळच्या एका गुरुजींना इंग्रजीत दमदाटीचं पत्र गेलं, आणि ते काठी घेऊन दोन जिने चढून वर आले. आम्ही जुनी प्रत परत चढवली, सगळ्यांची माफी मागितली आणि तेव्हापासून त्या जुन्या आवृत्तीवरच जीव मुठीत धरून बसलो. मी त्या बटणाकडे बघायचंही सोडलं होतं. मग ज्यांच्याकडून आम्ही सर्व्हर घेतो त्यांनी कळवलं, की दोन महिन्यांनी ही जुनी आवृत्ती चालणारच नाही. ताईंनी मला समोर बसवून सांगितलं, "या वेळी जर मागच्यासारखं झालं, तर मी सगळे ग्राहक पुण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीला देऊन टाकीन आणि शटर ओढीन. माझ्यात आता ताकद नाही."

मला रडूच आलं. आबा डबा उघडून जेवायला बसले होते. पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "कोणी काय बदललं तेच कळत नाही, एवढंच ना? मग मोजणी करू."

मी वैतागूनच सांगितलं, की मोजणी मी कालच केली आहे. नवी आवृत्ती उतरवली, आपल्या फाइलींशी ताडून पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक फाइल वेगळी निघाली. आबांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, नव्या नकाशाशी जुनी वहिवाट कशी मोजशील? आपण सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा जसं होतं, नेमकं तसंच, कोणी बोट न लावलेलं आण. तो मूळ नकाशा. आपण वापरतो ती वहिवाट. त्या दोन्हींत जो फरक, तेवढंच आपलं."

कॉलेजात चार वर्षं घालवून मला जे सुचलं नाही, ते या माणसानं भेंडीच्या भाजीबरोबर सांगून टाकलं. ज्या आवृत्तीवर आम्ही होतो तिचीच कोरी प्रत मी शोधून उतरवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. हजारो फाइलींतून फरकाच्या उरल्या एक्केचाळीस. आबा म्हणाले, "एवढंच होय? मला वाटलं, गाव मोजायचंय."

मग त्यांनी लांबलचक पानांची एक वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. क्रमांक, फाइल, कोणी हात लावला, कधी, कारण, आणि शेवटी ठेवायचं की काढायचं. शेवटच्या रकान्याला एक नियम होता. ज्यानं फाइलीला हात लावला, त्यानं तो भरायचा नाही, दुसऱ्यानं भरून सही करायची. "आपल्या बांधाचा निकाल आपणच द्यायचा नसतो," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हे सगळं संगणकावरच करू, लवकर होईल. तर म्हणाले, "लवकर कशाला व्हायला पाहिजे? चुकलं तर खोडाखोड दिसली पाहिजे."

कोणी हात लावला हे शोधायला त्यांनी आमच्याकडून सोडून गेलेल्या प्रत्येकाला फोन लावले. "शेजाऱ्यांना बोलावल्याशिवाय मोजणी होत नाही," म्हणायचे. सटाण्याचा भूषण वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला होता. आबांनी त्याला एक एक फाइल वाचून दाखवली. तो बिचारा त्याच्या अहिराणीत म्हणाला, "आबा, ते मीच करेल शे. पण का करेल शे, ते याद नही." आबांनी कारणाच्या रकान्यात शांतपणे लिहिलं, "कर्त्याला आठवत नाही." एका फाइलीत मुळापेक्षा फक्त एकच ओळ जास्त होती, सगळ्यात वर कोणीतरी 'श्री' लिहिलं होतं. मी म्हटलं, हे काढून टाकू. आबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मुकाट्यानं 'ठेवायचं' लिहून सही केली.

या वहीच्या दिवसांत मला त्यांची फार सवय झाली. मी चिडकी आहे, माझ्याबरोबर टेबलाला टेबल लावून बसणं सोपं नाही. आबा मात्र मी चिडले की खडूनं टेबलावर एक रेघ मारायचे आणि संध्याकाळी मोजून सांगायचे, "आज सात. काल अकरा होत्या. सुधारणा आहे." मी त्यांना फाइल उघडायला, दोन फाइली ताडून बघायला, बदल करून साठवायला शिकवलं. मराठी टाइप करायलाही शिकवलं. एका बोटानं, ओठ हलवत, ते अर्ध्या तासात एक वाक्य लिहायचे आणि सही केल्यासारखे मागे टेकून त्याच्याकडे बघत बसायचे.

वही पुरी झाली, एक्केचाळीस ओळी भरल्या, आणि त्याच आठवड्यात घोटीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं तांदळाचं दुकान, साइटची मुदत संपून गेलेली. फोन आबांनी स्पीकरवर घेतला होता. "अहो दादा, माझ्या दुकानाच्या नावावर ते लाल इंग्रजीत काय लिवलंय? 'खातं बंद केलंय' म्हणून! मी भरते ना, पळून चाललेय का? लेकीच्या सासरच्यांनी फोनवर बघितलं, आता ते विचारून राहिलेत का तुमचं दुकान बुडालं का म्हणून. लय वाईट वाटलं हो दादा." मुदत संपली की आमचं सॉफ्टवेअर त्या साइटवर एक लाल पान लावायचं, ते हे. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हापासून तसंच होतं, कोणीच त्याला कधी हात लावला नव्हता, त्यामुळे आमच्या वहीतही ते नव्हतं. आबांनी एरवीसारखा "काल चालू होतं का" हा प्रश्न विचारला नाही. "आत्ता लगेच काढतो ताई," एवढंच म्हणाले. बाईंनी पैसे भरले, मी साइट चालू केली. त्या दिवशी आबांनी डबा अर्धा परत नेला, पण ते माझ्या ध्यानात नंतर आलं.

आबा आता आमच्याकडे नाहीत. इगतपुरीला लेकीकडे, मेधाकडे, राहायला गेले. जावई रेल्वेत आहे. तिथे ते म्हणे रोज सकाळी गच्चीवर ठेवलेल्या डब्यात पावसाचं पाणी पट्टीनं मोजतात आणि इगतपुरीच्या पावसात डबा सारखा भरून वाहतो म्हणून मोठा डबा शोधताहेत. मी दर पंधरा दिवसांनी फोन करते. पण मला सांगायचं आहे ते अपग्रेडच्या दिवसाचं.

मी अपग्रेड रात्री करायचं म्हणत होते, जगभर तसंच करतात. आबांनी साफ नकार दिला. "मोजणी उजेडात करतात, पोरी. अंधारात खुणा हलवणारे येतात." म्हणून मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ धरली. ताई उपास धरून आल्या होत्या. खाली भाजीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता. मी बटणाकडे वळले, तर आबांचा आणखी एक नियम आडवा आला. वही कितीही चोख असली, तरी कामाच्या दिवशी सकाळी खुणा पुन्हा एकदा तपासायच्या. मी मनातल्या मनात दोन-चार शब्द उच्चारले आणि कोरी प्रत आणि आमची प्रत पुन्हा ताडून पाहिली.

बेचाळीस.

वहीत एक्केचाळीस आणि मशीनवर बेचाळीस. मी ओरडलेच, "कोणी हात लावला?" ताई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस, मला फाइल उघडता तरी येते का?" मी ती जास्तीची फाइल उघडली. ते लाल पान होतं. म्हणजे एका बाजूला मूळ प्रतीतलं लाल पान होतं, आणि आमच्या बाजूला पांढऱ्या पानावर साध्या काळ्या अक्षरांत दोन वाक्यं: "इथे थोडं काम चालू आहे. लवकरच भेटू." बदल तीन आठवड्यांपूर्वीचा, दुपारी जेवणाच्या सुट्टीतला. मला हे कोणाचं ते कळेना. मी म्हटलं, "जाऊ द्या, एकच तर फाइल आहे. नवी आवृत्ती येईल तिच्याबरोबर जाईल वाहून."

"बटणावरचा हात काढ," आबा म्हणाले.

त्यांनी वही ओढून घेतली. पेनाचं टोपण काढलं. क्रमांकाच्या रकान्यात बेचाळीस लिहिलं, फाइलीचं नाव लिहिलं, आणि 'कोणी हात लावला' या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सरकारी कागदावर लिहितात तसं. मी थक्क झाले. ज्या माणसानं आम्हाला दोन महिने 'लिहिल्याशिवाय बोट लावायचं नाही' म्हणून पिडलं, त्यानंच गुपचूप हात लावला होता! मला हसू यायला लागलं होतं. मी म्हणणारही होते, की आबा, आज तुमच्या नावाची रेघ मारू का. पण कारणाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं आणि मग थांबूनच राहिलं.

मीच मदत केली, "लिहा ना, घोटीच्या बाई."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग लिहायला लागले, आणि लिहून झाल्यावर वही आमच्याकडे सरकवून खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांच्या नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "अशी पाटी माझ्या नावाची लागली होती. परत कामावर घेतल्याची पाटी मात्र कोणी लावली नाही."

मामा एकदा निलंबित झाले होते, एवढं ताईंना लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं. बाकीचं आबांनी खिडकीकडे बघतच सांगितलं. तालुक्याच्या एका कचेरीत असताना नकाशावरची एक हद्द कोणीतरी खोडून बदलली. नकाशा आबांच्या ताब्यातला. मधे कोणाकोणाच्या हातात गेला ते त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं. आठ महिने घरी बसवलं, मग चूक त्यांची नाही हे सिद्ध झालं आणि परत घेतलं. "पण निलंबनाचा तो हुकूम घरी द्यायचा सोडून कचेरीच्या बाहेरच्या फळ्यावर लावला होता साहेबानं. माझं नाव लिहून. मेधा चौथीत होती. शाळेच्या वाटेवरच कचेरी. तिनं वाट बदलली, लांबून जायला लागली. मला एका शब्दानं बोलली नाही. मला तिच्या आईकडून कळलं, फार नंतर." मग म्हणाले, "हे रकान्यात कसं लिहायचं? म्हणून लिहिलंच नाही. चूक झाली. शेवटचा रकाना मला भरता येत नाही. काढायचं असेल तर काढा."

मला त्यांच्याकडे बघवेना. ताई धंदा चालवतात, त्यांना माहीत होतं की त्या लाल पानाला घाबरून लोक लवकर भरतात. त्या एरवी हजार प्रश्न विचारतात. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. आबांच्याच हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात 'ठेवायचं' लिहून खाली सही केली. मग मला म्हणाल्या, "दाब आता."

मी दाबलं. नवी आवृत्ती चढली आणि अपेक्षेप्रमाणे आमचं सगळं पुसून गेली. मग आबा वहीतून एक एक ओळ वाचत गेले, मी तो तो बदल नव्या फाइलीत घालत गेले, आणि झालं की ते बरोबरची खूण करत गेले. काढायच्या सात सोडून बाकी सगळं चार वाजेपर्यंत जागेवर बसलं. मराठी बिल निघालं. 'कळावे' परत आलं. 'श्री' आलं. ताईंनी खालून पेरू आणि केळी मागवली आणि पहिलं केळं मला सोलून दिलं. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि मी भर ऑफिसात खुर्चीसकट एक गिरकी घेतली.

बेचाळिसावी ओळ आबांनी शेवटी ठेवली होती. ती झाल्यावर तपासायला म्हणून मी आमचीच एक रिकामी साइट मुद्दाम बंद केली. पांढरं पान आलं. आबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग खिशातून फोन काढला आणि इगतपुरीला लावला.

"मेधा, तुला एक पत्ता सांगतो, फोनवर उघड बरं... उघडलं? काय लिहिलंय, वाच. अगं, मोठ्यानं वाच." तिनं वाचलं असावं. आबा ऐकत होते. "मीच लिहिलंय ते. तुझ्या शाळेच्या वाटेवर कचेरी होती ना, तिथल्या फळ्यावर जी पाटी होती, तिच्या जागी ही लावली. आता आमच्या इथे कोणाच्याच नावाची तसली लागत नाही."

आबा फोन कानाला घट्ट धरून बसले होते.

"अगं, रडतेस काय वेडाबाई?" ते म्हणाले. "थोडं काम चालू आहे, एवढंच लिहिलंय." आणि स्वतःच सगळ्या खिशांतून रुमाल शोधायला लागले.